अंगणाचे बंगले, तीन आराखडे: मुळशीच्या वाटेवरील ज्येष्ठांच्या एका वसाहतीचे परीक्षण

पौड रस्त्याने पिरंगुट ओलांडल्यावर, डोंगराच्या उतारावर, फक्त ज्येष्ठ नागरिकांसाठी बांधल्या जाणाऱ्या एका वसाहतीत अंगण असलेल्या बंगल्यांचे तीन आराखडे विक्रीस ठेवलेले आहेत. माहितीपत्रकात त्यांना फुलांची नावे दिली आहेत. सोयीसाठी मी त्यांना अ, ब आणि क म्हणतो. वसाहतीचे नाव येथे देत नाही, कारण विकसकाशी आमचे काही मुद्द्यांवर बोलणे अजून चालू आहे, आणि असेच आराखडे आता पुण्याच्या आसपास इतरत्रही निघू लागले आहेत. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो: घ्यायचाच असेल तर ब घ्यावा, आणि तोही रस्त्याच्या पश्चिम अंगाचा, पूर्वेकडे तोंड असलेला. रस्त्याच्या दुसऱ्या अंगाचा ब हा कागदावर तोच असला तरी राहायला वेगळा बंगला आहे. हे का, ते सविस्तर सांगणे हाच या परीक्षणाचा हेतू आहे.

मी सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला अभियंता आहे आणि माझ्या पत्नीच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झालेल्या आहेत. त्यामुळे नकाशा पाहताना माझे लक्ष उतार, पन्हळी आणि भिंतींच्या उंचीकडे जाते, आणि तिचे लक्ष पायऱ्यांकडे, उंबरठ्यांकडे आणि रात्री पलंगापासून संडासापर्यंत किती पावले आहेत याकडे जाते. पुढचे मत या दोन्ही नजरांचे मिळून आहे.

आराखडा अ हा जुन्या वाड्याच्या चौकाची आठवण करून देणारा आहे. मधोमध १२ फूट बाय १५ फुटांचा मोकळा चौक, चारही बाजूंनी खोल्या, आणि चौकाच्या कडेने फिरणारी तीन फुटी पडवी. चटईक्षेत्र १,०८० चौरस फूट. माहितीपत्रकातले सर्वांत देखणे चित्र याच बंगल्याचे आहे आणि दाखवायला नेतात तेही आधी इथेच. आराखडा ब काटकोनी आहे. उत्तरेकडे दिवाणखाना आणि स्वयंपाकघर, पश्चिमेकडे दोन शयनकक्ष, आणि उरलेल्या आग्नेय कोपऱ्यात १४ बाय १८ फुटांचे अंगण, ज्याला पूर्वेकडून आणि दक्षिणेकडून फक्त सहा फुटी कुंपणभिंत आहे. चटईक्षेत्र ९६० चौरस फूट. आराखडा क मध्ये पुढे आणि मागे अशी ८ बाय १० फुटांची दोन छोटी अंगणे आहेत आणि जिन्याने वर जाऊन पाहुण्यांची एक खोली आहे. चटईक्षेत्र १,२१० चौरस फूट, म्हणजे तिघांत मोठा.

प्रथम उन्हाचे पाहू, कारण निवृत्तीनंतर अंगण हवे असते ते मुख्यतः हिवाळ्यातल्या सकाळच्या उन्हासाठी, आणि नेमके तेच कोणत्याही विक्री कार्यालयात सांगितले जात नाही. पुण्याचे अक्षांश साधारण साडेअठरा अंश. डिसेंबरच्या अखेरीस, सूर्य दक्षिणेकडे सर्वांत कललेला असताना, भर दुपारी बारालाही तो येथे क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच वर येतो. याचा व्यवहारातला अर्थ असा, की दक्षिणेकडची भिंत जितकी उंच, तिच्या नऊ-दशांश लांबीची सावली त्या दिवसांत मध्यान्हीला उत्तरेकडे पडते. सकाळी आणि संध्याकाळी ती आणखी लांब असते. अ आराखड्यात चौकाच्या दक्षिणेला कठड्यासह १२ फूट उंचीची खोल्यांची रांग आहे. तिची सावली जवळजवळ ११ फूट होते आणि चौक उत्तर-दक्षिण १५ फुटांचा आहे. म्हणजे ऐन थंडीत, भर दुपारी, त्या सुंदर चौकात उत्तरेकडच्या जेमतेम चार फुटांच्या पट्टीवर ऊन असते, आणि सकाळी नऊ वाजता, जेव्हा खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचायची वेळ असते, तेव्हा जमिनीवर काहीच नसते. क आराखड्याची स्थिती याहून बिकट आहे. तिथे दक्षिणेकडे मजला चढवलेला असल्यामुळे उंची २१ फुटांवर जाते, सावली १९ फुटांची होते, आणि अंगण अवघे दहा फुटांचे. हिशेब केला तर ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्चच्या आरंभापर्यंत त्या अंगणाच्या फरशीला मध्यान्हीचे ऊन लागतच नाही. पावसाळ्यात मुरलेली ओल तिथे वाळणार कधी, आणि भिंतीच्या तळाशी धरलेले शेवाळ जाणार कधी, याचे उत्तर फक्त फिनेलवाल्याला ठाऊक असेल.

ब मध्ये दक्षिणेला खोल्या नाहीत. सहा फुटांची भिंत आहे. तिची सावली साडेपाच फूट, अंगण १८ फूट. डिसेंबरातही बारा फुटांहून अधिक भाग उन्हात राहतो आणि ते ऊन दिवाणखान्याच्या मोठ्या काचेच्या दारातून आतपर्यंत येते. पूर्वेकडेही भिंत तेवढीच असल्यामुळे सकाळचा सूर्य लवकर आत उतरतो, आणि पश्चिमेला शयनकक्षांची रांग असल्याने दुपारनंतर तीच रांग अंगणावर सावली धरते. मेच्या मध्यावर, पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो तेव्हा, तिन्ही अंगणे सारखीच तापतात. त्या दिवसांत दुपारी बाराला कोणत्याही अंगणात बसण्याचा हट्ट धरू नये. मात्र संध्याकाळी पाचला ब चे अंगण बसण्याजोगे झालेले असते, आणि अ मध्ये चारही बाजूंच्या तापलेल्या भिंती रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतात. जुन्या वाड्यांत हा त्रास कमी जाणवे, कारण तिथे भिंती जाड आणि मातीच्या असत, चौकाभोवती खोल सोपे असत, आणि वर कौले असत. सहा इंची ब्लॉकच्या भिंती आणि उघडा स्लॅब यांच्यात चौक आखला म्हणजे वाडा होत नाही.

आता रस्त्याच्या दोन अंगांबद्दल. वसाहतीचा मुख्य रस्ता उत्तर-दक्षिण जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ब चे बंगले आहेत. विक्रीचे काम पाहणारा मुलगा नम्र होता, चहा त्याने स्वतः आणून दिला, पण या मुद्द्यावर तो म्हणाला, “काका, प्लॅन सेमच आहे, फक्त मिरर केलाय.” इथेच सगळी मेख आहे. रस्त्याच्या पश्चिम अंगाच्या बंगल्याचे अंगण आग्नेयेला येते. पूर्व अंगाच्या बंगल्यात तोच नकाशा उलटा केल्याने खोल्यांची रांग पूर्वेला जाते आणि अंगण नैर्ऋत्येला येते. मग सकाळचे ऊन खोल्यांच्या मागे अडते, एप्रिल-मेची तिरपी पश्चिमेची उन्हे थेट अंगणात येतात, आणि जून लागला की पश्चिमेकडून येणाऱ्या पावसाची झड अडवायला तिथे सहा फुटी भिंतीखेरीज काही नसते. एकाच नावाने, एकाच क्षेत्रफळाने विकले जाणारे हे दोन बंगले आहेत. पूर्वाभिमुख बंगल्यांना विकसक जास्त दर लावतो, तो अर्थात वास्तुशास्त्राच्या नावाने; या एका बाबतीत वास्तुवाले आणि आम्ही बांधकामवाले योगायोगाने एका ओळीत बसतो. तो जादा दर मला पटला. अ च्या चौकाला ब्रह्मस्थान, म्हणजे वास्तुशास्त्रातला घराचा मध्य, म्हणून जो जादा दर लावला जातो, तो पटला नाही.

माहितीपत्रकातल्या तिन्ही नकाशांवर उत्तर दिशेचा बाण नाही. मंजूर नकाशांवर तो असतोच, आणि ते नकाशे महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नोंदणी क्रमांकाखाली पाहता येतात. विकसकाच्या बाजूने हेही नोंदवायला हवे, की मागितल्यावर मंजूर नकाशांची मोठी प्रत त्यांनी कुरकुर न करता टेबलावर पसरली आणि मोजपट्टी लावू दिली. सगळीकडे असे होत नाही.

पावसाबाबत या भागाचे वेगळे गणित आहे. पुणे शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. मुळशी खोऱ्यात पश्चिमेकडे जावे तसा तो झपाट्याने वाढतो आणि ताम्हिणीला तर हजारांत मोजावा लागतो. कोथरूडच्या सदनिकेत आयुष्य गेलेल्या माणसाला या पावसाचा अंदाज येत नाही. अ आराखड्यात चारही बाजूंच्या छपरांचा आतला अर्धा भाग चौकाकडे उतरतो. चौकाचे १८० चौरस फूट आणि छपराचे मी मोजलेले सुमारे ६०० चौरस फूट मिळून ७२ चौरस मीटर होतात. तासाभरात ५० मिलिमीटरची जोरदार सर आली, तर ३,६०० लिटर पाणी त्या चौकात येते. चौक पडवीपेक्षा सहा इंच खोल आहे, म्हणजे त्यात सुमारे अडीच हजार लिटर पाणी मावते. बाहेर जायला कोपऱ्यात एकच जाळी. ती जाळी पाचोळ्याने किंवा वाऱ्याने उडून आलेल्या प्लास्टिकच्या पिशवीने बुजली, तर पाऊण तासाच्या आत पाणी पडवीच्या पातळीला येते आणि तिथून खोल्यांकडे निघते. घरात दोन म्हातारी माणसे, रात्रीची वेळ, वीज गेलेली, आणि जाळी मोकळी करायला ओल्या चौकात उतरायचे. असा आराखडा तरुण कुटुंबाला विकायला हरकत नाही.

ब मध्ये छपरांचा उतार बाहेरच्या अंगाला काढला आहे, त्यामुळे अंगणात पडते ते फक्त अंगणाचे पाणी: तशाच सरीत तासाला बाराशे लिटरांच्या आत. शिवाय कुंपणभिंतीच्या पायथ्याशी दोन ठिकाणी निचरा देण्याची सोय नकाशातच आहे, जरी प्रत्यक्ष बांधलेल्या नमुना बंगल्यात एकच दिलेला दिसला.

पाण्याचा आणि पायऱ्यांचा प्रश्न इथे एकमेकांत गुंतलेला आहे आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. अंगण खोल्यांच्या पातळीला आणले तर चाकाची खुर्ची सहज बाहेर जाते, पण पाणीही तितक्याच सहज आत येते. अंगण खाली घेतले तर पाणी थांबते, पण पायरी तयार होते, आणि तीन-चार इंचांची पायरी मोठ्या पायरीपेक्षा धोक्याची, कारण ती दिसत नाही. यावर उपाय आहे: दाराच्या बाहेरच्या अंगाला, दाराच्या पूर्ण रुंदीची लांबट जाळीची पन्हळ बसवायची आणि त्यापलीकडे एकास बारा या प्रमाणात उतार द्यायचा. सहा इंच खाली जायला सहा फूट उतार लागतो. अ च्या चौकात तो दिला तर चौक अर्धाच उरतो. ब मध्ये फरक चार इंचांचा आहे, म्हणजे चार फूट उतार पुरतो, आणि १८ फुटांच्या अंगणात तो खुपत नाही.

घरातल्या घरात चालण्याच्या वाटा हा माझ्या पत्नीचा मुद्दा होता आणि अखेर त्याच मुद्द्यावर अ आमच्यासाठी बाद झाला. तिथे शयनकक्षातून स्वयंपाकघरात जायचे तर उघड्या पडवीतून जावे लागते. पडवीवर दोन फुटांचे छज्जे आहेत, पण मावळातला पाऊस सरळ पडत नाही. पागोळ्या आणि झड मिळून तीन फुटी पडवी पूर्ण ओली होते. रात्री पाणी पिण्यासाठी ओल्या फरशीवरून, काठी टेकत, दिव्याचे बटण शोधत जायचे, हे चित्र तिने उभे केल्यावर माझ्याजवळ बोलण्यासारखे काही राहिले नाही. त्यातच पडवीला चार काटकोनी वळणे आहेत. रुग्णवाहिकेचे स्ट्रेचर साडेसहा फुटांच्या आसपास लांब असते. तीन फुटांच्या वाटेत ते काटकोनात वळत नाही, उभे करून किंवा चौकातून उचलून न्यावे लागते. ब मध्ये आतून चार फुटांचा बंद पॅसेज आहे आणि मुख्य शयनकक्षाचे एक दार थेट अंगणात उघडते, तेव्हा स्ट्रेचर सरळ बाहेर येऊ शकते. दुसरा शयनकक्ष पॅसेजपलीकडे समोरच आहे. आज तिथे मुले-नातवंडे येऊन राहतील. पुढे शुश्रूषेसाठी ब्यूरोची बाई ठेवावी लागली तर तिला तिथे झोपता येईल, हाक ऐकू येईल, आणि तिचे स्वतंत्र स्वच्छतागृहही लागूनच आहे. वयोवृद्धांच्या घराचा नकाशा काढताना ही बाई कुठे झोपणार याचा विचार फार थोडे वास्तुविशारद करतात.

नमुना बंगल्यात शिरताना मोजपट्टी खिशात असावी. आमच्या पाहणीतल्या दुहेरी पलंगाची लांबी-रुंदी सहा बाय पाच फूट निघाली, म्हणजे खोली मोठी दिसावी म्हणून पलंग बारका केलेला होता. नेहमीचा सहा बाय साडेसहाचा पलंग आणि त्याच्या दोन्ही अंगांना तीन-तीन फूट जागा मांडून पाहिली, तर ब ची मुख्य खोली पुरते, क ची तळमजल्यावरची खोली पुरत नाही. अंगणाकडचे सरकते काचेचे दार हा आणखी एक बारकाईने पाहण्याचा भाग. त्याची खालची ॲल्युमिनियमची पट्टी फरशीच्या वर चांगली बोटभर उभी होती. पत्नीची चप्पल तिथे पहिल्याच फेरीत अडकली. ती पट्टी फरशीत खोल बसवता येते, खर्चही फार नाही, परंतु फरशी घालण्यापूर्वी सांगावे लागते. नंतर सांगितले तर फोडाफोड.

न्हाणीघराबद्दल कायद्याचा आधार आहे हे अनेकांना ठाऊक नसते. केंद्र सरकारने २०१९ साली निवृत्तांच्या गृहप्रकल्पांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि महारेराने २०२४ साली अशा प्रकल्पांसाठी किमान भौतिक निकष ठरवून दिले. त्यांत दारांची रुंदी ९०० मिलिमीटरहून कमी नको आणि शक्यतो दारे सरकती असावीत, न्हाणीघरात न घसरणाऱ्या फरश्या आणि धरायला दांडे असावेत, येण्याजाण्याच्या वाटांत पायऱ्या नसाव्यात, स्वयंपाकघरात गॅसगळती ओळखणारी व्यवस्था असावी, अशा गोष्टी आहेत. नमुना बंगल्यात दांडे होते, फरशी खडबडीत होती, पण संडासाचे दार चौकट धरून ९०० चे होते. प्रत्यक्ष मोकळी वाट ८०० च्या आतच भरली. शिवाय ते दार आत उघडत होते. माणूस आत पडला आणि दाराला टेकून पडला, तर असे दार बाहेरून उघडता येत नाही. दार सरकते करावे किंवा बाहेर उघडणारे करावे, यावर तडजोड नको. चाकाची खुर्ची वळायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. ब च्या मुख्य न्हाणीघरात ती वॉशबेसिनखालचे कपाट काढल्यास मिळते.

क बद्दल वेगळे लिहिण्यासारखे थोडेच आहे. वरची खोली परदेशातल्या मुलांना दाखवायला चांगली आहे. बहुतेक वेळा असे बंगले मुले पसंत करतात आणि आईवडील राहतात. वर्षातून पंधरा दिवसांसाठी जिना, वरचे न्हाणीघर आणि वरची पाण्याची टाकी सांभाळत बसायचे. वसाहतीत पाहुण्यांसाठी भाड्याच्या खोल्या आहेत, त्या स्वच्छ आहेत, आणि तिथल्या मुक्कामात आम्हांला जेवणही बरे मिळाले, वरण-भाताला चव होती. एक सूचना मात्र: ब घेताना आपल्या दक्षिणेला क चा बंगला येत नाही ना, हे आखणीच्या नकाशावर पाहून घ्यावे. तो आला, तर त्याच्या मजल्याची सावली आपल्या अंगणात आणि त्याची खिडकी आपल्या खुर्चीवर येते, आणि ब घेण्याचे निम्मे प्रयोजन संपते.

क्षेत्रफळाचा हिशेब. २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे चटईक्षेत्रात बाहेरच्या भिंती, स्वतंत्र बाल्कनी किंवा व्हरांडा आणि उघडी गच्ची धरली जात नाही. आतल्या भिंती धरल्या जातात. उघडे अंगणही अर्थातच त्यात येत नाही. तरीसुद्धा विक्री कार्यालयात बोलणे ‘सेलेबल’मध्ये चालते आणि त्यात अंगण, पोर्च, क्लबहाउसचा वाटा असे सगळे मिसळलेले असते. तिन्ही आराखड्यांची तुलना करायची तर एकूण किमतीला चटईक्षेत्राने भागावे आणि अंगणाची किंमत वेगळी विचारावी. दर मी देत नाही, तो महिन्यागणिक बदलतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे करारनाम्यात अंगणाचा उल्लेख कसा आहे. ते आपल्या अनन्य वापराचे आहे असे मोजमापासह लिहिलेले असावे. आमच्या हाती आलेल्या मसुद्यात ते ‘लगतची मोकळी जागा’ एवढ्यावरच भागवलेले होते. पुढे ते झाकण्याचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो आताच सोडावा. अंगणावर स्लॅब घातला की ते बांधकाम क्षेत्रात मोजले जाते आणि मंजुरीशिवाय केले तर बेकायदा ठरते. करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम विकसकाला घेता येत नाही, आणि ताबा घेतल्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातले दोष विनामूल्य दुरुस्त करून देण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. अंगणाच्या घरात गळती आणि ओल हेच मुख्य दोष असल्याने या पाच वर्षांचे मोल अधिक आहे.

देखभालीचा मासिक आकार ही माझी ठळक तक्रार. तो ‘सेलेबल’वर लावलेला आहे, म्हणजे ज्या अंगणाचा झाडू आम्हीच मारणार, ज्यावर आमचेच पाणी पडणार, त्याचीही देखभाल आम्ही दरमहा भरायची. ब चे अंगण तिघांत सर्वांत मोठे असल्याने हा भुर्दंड ब ला सर्वाधिक बसतो. यावर विकसकाकडून समाधानकारक उत्तर मिळाले नाही. पुनर्विक्री ५५ वर्षांवरील व्यक्तीलाच करता येते, वारसांना मालकी मिळते पण वयाची अट पूर्ण होईपर्यंत राहता येत नाही, आणि हस्तांतरणाला शुल्क आहे. अशा अटी या प्रकारच्या वसाहतींत सर्रास असतात, पुण्यात अथश्रीसारख्या प्रकल्पांमुळे लोकांना त्या आता अपरिचितही राहिलेल्या नाहीत, तरी त्या मुलांना आधी वाचायला द्याव्यात.

अंगणातल्या रोजच्या जगण्याचे नियम मात्र विक्रीच्या वेळी कोणी सांगत नाही, ते विचारून घ्यावे लागतात. तुळशीवृंदावन चालते. दोरी बांधून कपडे वाळत घालणे रस्त्यावरून दिसत नसेल तर चालते. सहा फुटी भिंतीमागे ते दिसत नाही. पारव्यांसाठी वरून जाळी लावायला मनाई आहे, कारण म्हणे वसाहतीचे रूप बिघडते. अ च्या बंद चौकात पारवे वळचणीला हमखास घरटी करणार, आणि त्यांची घाण श्वासाच्या विकारांना वाईट, हे लक्षात घेता ही मनाई मला अनाकलनीय वाटते. डोंगर जवळ असल्याने माकडेही येतात. वाळवणे, पापड, लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवायच्या तर कोणीतरी काठी घेऊन बसायला हवे, आणि भिंत आठ फुटांची केली तरी माकडांना त्याचे काहीच वाटत नाही. सुरक्षेसाठी आठ फुटी भिंतीचा पर्याय विकसक जादा पैशांत देतो. आठ फुटांची सावलीही डिसेंबरात सव्वासात फुटांचीच होते, तेव्हा उन्हाच्या दृष्टीने ती चालेल. वारा मात्र कमी होतो. आम्ही सहाच ठेवली.

आमच्या मागण्या आम्ही लेखी दिल्या: रस्त्याच्या पश्चिम अंगाचा ब, दक्षिणेला क नको, सरकत्या दाराची पट्टी फरशीत, दाराबाहेर पूर्ण रुंदीची जाळीची पन्हळ, निचऱ्याची दुसरी वाट, संडासाचे दार सरकते आणि ९०० मिलिमीटरची मोकळी वाट, अंगणाला चकचकीत ग्रॅनाइटऐवजी खडबडीत दगडी फरशी, आणि मुख्य शयनकक्षापासून अंगणाच्या फाटकापर्यंत जमिनीलगत रात्रीचे दिवे. यातल्या बहुतेक मान्य झाल्या. खरेदीदाराने मागितलेले किरकोळ बदल करून द्यायला कायद्याची आडकाठी नाही, हे सांगितल्यावर मंजूर नकाशाचे कारण पुढे करणे थांबले. संडासाच्या दाराबद्दल ‘सगळ्यांना असेच दिले आहे’ असे पहिले उत्तर आले. २०२४ चे निकष छापून समोर ठेवल्यावर ते दुरुस्त झाले, आणि नंतर कळले की आता सर्वच बंगल्यांना ते लागू करणार आहेत. देखभालीचा आकार आणि पारव्यांची जाळी हे दोन मुद्दे अडलेले आहेत. अंगणाच्या अनन्य वापराचे कलम मोजमापासह करारनाम्यात आल्याशिवाय सही करायची नाही, असे आम्ही कळवले आहे.

ज्यांची प्रकृती साठीत ठणठणीत आहे, घरात कायम दोन-चार माणसे असतात आणि चौकाची हौस आयुष्यभर मनात आहे, त्यांनी अ चा विचार करायला हरकत नाही, मात्र पडवी साडेचार फुटांची करून, छज्जे वाढवून आणि निचऱ्याच्या दोन वाटा मिळत असतील तरच. क मी कोणालाच सुचवणार नाही. ब च्या पश्चिम अंगाच्या रांगेत मोजकेच बंगले शिल्लक आहेत असे सांगितले जाते. ते खरे असो वा नसो, जुलैच्या एखाद्या भर पावसाच्या दिवशी, दुपारी, छत्री घेऊन तिथे जाऊन नमुना बंगल्याच्या अंगणात पाणी कुठे साचते आणि किती वेळात ओसरते हे पाहिल्याशिवाय टोकनची रक्कम देऊ नये. विक्री कार्यालय त्या महिन्यांतही उघडे असते आणि गर्दी नसल्याने वेळही निवांत मिळतो.